एका पद्मिनीच्या सडलेल्या तळपत्र्याची दुरुस्ती

जानेवारी २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावातून १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये आली. आंबा घाट तिने टेम्पोवर बसून चढला. मालक निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांनी फोनवर सांगितलेली तक्रार एका वाक्याची होती: डाव्या बाजूला पाय ठेवला की पत्रा खाली दबतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती दर पाच वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते; या गाडीची ती पाळी नेमकी त्याच वर्षी आली होती. नापास होणार हे ठाऊक असलेला मुलगा परीक्षेला बसवायचा नाही, असे सर म्हणाले, आणि गाडी मोडीत काढण्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही म्हणून आम्हीही काढला नाही.

हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याचे कारण असे की, यात भोके बुजवण्याचे काम तुलनेने सोपे निघाले. पाणी कुठून येत होते हे शोधणे आणि कापायचे कुठपर्यंत हे ठरवणे, या दोन गोष्टींवर मात्र आमचा निम्म्याहून अधिक वेळ गेला, आणि त्यातल्या दुसऱ्या गोष्टीत आमच्याकडून एक चूकही झाली.

जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चासी, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट, असते. तिचा तळपत्रा सडला तर चिखल आत उडेल, पाय ओले होतील, पण गाडीचा सांगाडा जागेवर राहील. पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती वेगवेगळ्या नावांनी दशकानुदशके बनत राहिली, तरी तिच्या बांधणीतले मूळ तत्त्व बदलले नाही. तिला वेगळी चासी नाही. तळपत्रा, मधून जाणारा प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दांड्याचा, बोगदा, दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले रनिंग बोर्ड, आणि वरचे खांब व छत हे सगळे मिळून गाडीचा भार पेलतात. त्यामुळे तळपत्र्यात पडलेले भोक केवळ भोक नसते. ते भार पेलणाऱ्या पेटीच्या एका भिंतीत पडलेले असते. गाडीची दारे नीट लागतात की नाही हे अशा गाडीत तळाची प्रकृती सांगणारे पहिले लक्षण आहे. या गाडीचे डावे पुढचे दार किंचित उचलून लावावे लागत होते. सरांना ती बिजागरीची झीज वाटत होती.

आसने, रबरी मॅट आणि तिच्याखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरीसारखा थर, काढल्यावर डाव्या पायाखालच्या भागात तळहाताएवढे दोन चौकोनी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पत्रे दिसले. आधीच्या एका गॅरेजने ते गंजलेल्या पत्र्यावर तसेच ठेवून रिबिटांनी ठोकले होते आणि वरून व खालून डांबर फासले होते. या ठिगळांची हकिगत थोडक्यात सांगता येईल: डांबराने पाणी बाहेरून अडवले नाही, मात्र आत आलेले पाणी बाहेर जाऊ दिले नाही. दोन पत्र्यांच्या फटीत साचलेल्या ओलाव्याला समुद्राच्या हवेतले मीठ मिळाले की गंज मोकळ्या पत्र्यापेक्षा कितीतरी वेगाने पसरतो, कारण मिठाने पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि फट कधी सुकत नाही. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अनेक पटींनी जास्त असते. ठिगळाच्या रिबिटी मध्येच उचललेल्या आणि पत्रा फुगलेला दिसत होता, तो या फुगणाऱ्या गंजामुळे.

ठिगळे काढली. त्यानंतर एका बोथट पेचकसाने आणि लहान हातोडीने संपूर्ण तळ वरून आणि खालून वाजवून पाहिला. बाजारात माठ घेताना आपण तो वाजवून पाहतो, तसेच हे काम आहे; धड पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द बोलतो, आणि पेचकस सहज आत गेला तर बोलण्यासारखे काही उरलेलेच नसते. धड, संशयित आणि गेलेला अशा तीन प्रकारच्या खुणा आम्ही खडूने केल्या. डाव्या बाजूला पुढच्या भिंतीच्या पायथ्यापासून आसनाच्या पुढच्या आडव्या पट्टीपर्यंतचा जवळजवळ सगळा पत्रा गेलेला होता. त्याला लागून असलेली रनिंग बोर्डची आतली भिंत सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीत चाळणीसारखी झाली होती. दार उचलून लावावे लागण्याचे खरे कारण हे होते. उजव्या बाजूला चालकाच्या टाचेखाली रुपयाच्या नाण्याएवढे एक भोक आणि त्याभोवती वीतभर संशयित भाग होता. मागच्या बाजूचा तळ आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगांचे, पुढचे आधार धड निघाले; ते तसे नसते तर मी हे काम घेण्याआधी सरांशी पुन्हा बोललो असतो.

एका गोष्टीने मला धक्का बसला. १९८४ च्या पद्मिनीत सीटबेल्ट मुळात नसत. पुढच्या आसनांना ते सक्तीचे झाले मार्च १९९४ नंतर बनलेल्या गाड्यांना. सरांनी ते नंतर हौसेने, म्हणजे काळजीपोटी, बसवून घेतले होते, आणि डाव्या पट्ट्याचा खालचा बोल्ट एका साध्या वायसरसह याच सडक्या पत्र्यात आवळलेला होता. हाताने हिसका दिल्यावर तो पत्र्याच्या तुकड्यासकट बाहेर आला.

पाणी खालून येते, रस्त्यावरचे उडते, असा सरांचा पक्का समज होता, आणि म्हणूनच दर पावसाळ्याआधी ते गाडीच्या तळाला जळके इंजिन ऑइल फवारून घेत. कोकणात ही पद्धत सर्रास आहे. पण बोल्टबरोबर निघालेला पत्र्याचा तुकडा उलटसुलट करून पाहिला तर खालच्या बाजूचा रंग बऱ्याच ठिकाणी शाबूत होता, आणि गंजाचे थर सुटत होते ते वरच्या, म्हणजे मॅटखालच्या बाजूने. पत्रा आतून खाली सडत गेला होता. तेव्हा पाणी गाडीच्या आत येत होते, आणि नमदा ते स्पंजासारखे धरून ठेवत होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात असा नमदा जूनमध्ये भिजला की दिवाळीपर्यंत सुकत नाही.

पाण्याची वाट शोधण्यासाठी आम्ही काच आणि दारे जागेवर ठेवून पाण्याची चाचणी घेतली, आणि ती कापाकापीच्या आधी घेतली. ती नंतर घ्यावी असा शेडमधला आग्रह होता, कारण पाण्याने काम लांबते. पण पुढची भिंत आणि तळ यांचा सांधा एकदा नव्याने बांधला की जुनी वाट दिसेनाशी होते आणि पाणी दुसरीकडून वाट काढते. डॅशबोर्डच्या खालच्या भिंतीवर, खांबांच्या मुळाशी आणि दाराच्या उंबऱ्यावर खडूची पूड भुरभुरली; मास्तरांच्या गाडीला ते शोभलेही. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने, जोर न लावता, आधी दाराच्या खालच्या भागावर, मग दाराच्या काचेवर, मग पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर, असे खालून वर चढत प्रत्येक जागी पाच-सहा मिनिटे पाणी सोडायचे. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही.

पहिले पाणी दारातून आले. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके माती आणि जुन्या रंगाने बंद झाली होती; काचेच्या फटीतून दारात उतरलेले पाणी आत साठून मागच्या पुठ्ठ्यावरून उंबऱ्यावर येत होते. ही भोके तारेने मोकळी केल्यावर दार कोरडे झाले. पण खडूच्या पुडीवरची मुख्य ओहळाची रेघ वेगळ्या ठिकाणी उमटली. पुढच्या काचेच्या रबरी बिडिंगचा खालचा डावा कोपरा कडक होऊन काचेपासून सुटला होता. तिथून शिरलेले पाणी डॅशबोर्डच्या मागून, खांबाच्या आतल्या बाजूने, बरोबर डाव्या पायाखाली उतरत होते. उजवा कोपराही कडक झाला होता, मग डावीच बाजू इतकी का सडली? सरांना विचारल्यावर उत्तर मिळाले: घराच्या पडवीलगतची गाडी उभी करण्याची जागा डावीकडे उतरती आहे. चाळीस वर्षे पाण्याला तेवढा उतार पुरला.

आता कापण्याचा प्रश्न. आधी पर्याय बोलून संपवले. तयार तळपत्रा मिळण्याची आशा नव्हती. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. म्हणून मोडीतल्या टॅक्सींचा तळ कापून आणावा, अशी सूचना सरांच्या भाच्याने केली. सूचना चांगली होती, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत वीस वर्षे धावलेल्या आणि प्रवाशांच्या ओल्या चपला झेललेल्या टॅक्सीचा तळ सरांच्या गाडीपेक्षा धड निघेल असे मानायला कारण नव्हते. फायबरचा थर ओतणे हा स्वस्त उपाय गळती थांबवतो, पण भार पेलत नाही. सरांना स्वतःला जीआय पत्रा हवा होता, पुन्हा गंजू नये म्हणून. त्यांना हे समजावून सांगावे लागले की, वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर नेमका सांध्यापाशी जळून जातो, त्या धुराने काम करणाऱ्याला ताप भरतो, आणि जस्त मिसळलेला टाका सच्छिद्र होतो. शेवटी साधा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, जस्ताविना पत्रा घ्यायचे ठरले: तळाला वीस गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा, आणि रनिंग बोर्डच्या आतल्या भिंतीला अठरा गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा. सगळीकडे जाड पत्रा घातला की काम मजबूत, हा समज चुकीचा आहे. जाड नवा पत्रा आणि पातळ जुना पत्रा जोडताना पातळ बाजू आधी वितळते आणि टाका तिथेच भोक पाडतो.

वेल्डिंग कशाने करावे यावर मिस्त्रींशी मतभेद झाला, आणि तो नोंदवण्याजोगा आहे. आमचे पत्राकाम करणारे मिस्त्री, ज्यांना उद्यमनगरात सगळे चाचा म्हणतात, आयुष्यभर गॅसवर काम करत आले आहेत. माझा आग्रह सीओटू वेल्डिंगचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तार वितळवून होणाऱ्या विजेच्या वेल्डिंगचा, होता, कारण गॅसच्या ज्योतीची उष्णता विस्तीर्ण भागात पसरते आणि सपाट पत्रा लाटेसारखा वळतो. चाचांचे म्हणणे असे की, सीओटूचा टाका कडक होतो, त्यावर हातोडी मारून पत्रा ताणता येत नाही. गॅसचा टाका मऊ राहतो. त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून तळाचे लांब सांधे सीओटूने, ०.८ मिलिमीटरच्या तारेने केले, आणि पुढच्या भिंतीच्या पायथ्याशी जिथे पत्रा गोलाईत वळवून ठोकून बसवायचा होता, तेवढा एक तुकडा चाचांनी गॅसवर जोडला. तो सांधा आज शोधूनही सापडत नाही.

कापण्याआधी बॅटरी सोडली, तळाखालून पुढे जाणारी पेट्रोलची नळी रिकामी करून बाजूला घेतली, मागची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवली, ब्रेकच्या नळीवर ओले गोणपाट बांधले आणि सांध्यांच्या दोन्ही बाजूंचे डांबर वीतभर खरवडून काढले. डांबर पेटते आणि आत धुमसत राहते. ठिणगी पडल्यावर अर्ध्या तासाने गाडी पेटल्याच्या घटना आमच्या व्यवसायात कोणाला नवीन नाहीत. गाडी पुढच्या सस्पेन्शनखाली आणि मागच्या ॲक्सलखाली घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी केली, जेणेकरून भार चाकांवर असताना जसा पडतो तसाच पडावा. दाराच्या चौकटीत पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे दोन तिरके आधार टाक्यांनी बसवले आणि चौकटीचे दोन्ही कर्ण व दाराभोवतीच्या फटी मोजून दारावरच पेन्सिलीने लिहून ठेवल्या.

आमची चूक याच आधारांशी संबंधित आहे. तिसऱ्या दिवशी रनिंग बोर्डची आतली भिंत कापून काढल्यावर नवा तुकडा आत सरकवताना तिरका पाइप आडवा येऊ लागला. पंधरा मिनिटांचेच काम आहे, या विचाराने मी तो सोडायला सांगितला. आतली भिंत नाही, तळ नाही आणि आधारही नाही, अशा अवस्थेत गाडीची डावी बाजू मधून खचली. दाराच्या मागच्या कडेची वरची फट तीन मिलिमीटरने बदलली. ते लक्षात आले ते केवळ दारावर आकडे लिहिलेले होते म्हणून. नुसत्या डोळ्यांनी तीन मिलिमीटर कोणाला दिसले नसते आणि गाडी तशीच कायमची जोडली गेली असती. त्यानंतर रनिंग बोर्डच्या धड भागाखाली लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली जॅकने अक्षरशः केसाकेसाने उचलत कर्ण पुन्हा जुळवले, आधार वेगळ्या कोनात बसवला आणि मग तुकडा सरकवला. यात दीड दिवस गेला, जो मी मजुरीत धरला नाही.

कापण्याची हद्द खडूच्या ‘धड’ खुणेच्याही पुढे दोन सेंटिमीटर ठेवली. संशयित पत्र्याशी जोडलेला टाका पहिल्याच उष्णतेत उडतो, हे एक कारण. आणि वर्षभरात त्याच कडेने पुन्हा गंज सुरू होतो, हे दुसरे. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून पत्रा कापला. मूळ तळपत्र्यावर लांबट उठाव असतात, ते शोभेसाठी नसून पत्र्याला ताठपणा देण्यासाठी असतात. सपाट पत्रा बसवला तर तो पायाखाली टीनच्या डब्यासारखा वाजतो. आमच्याकडे उठावाचे यंत्र नाही. चाचांनी लोखंडी चॅनेलवर पत्रा आडवा धरून बोथट छिन्नीने थोडी-थोडी खोली वाढवत तीन उठाव काढले. ते मूळच्या उठावांइतके सरळ नाहीत, पण मॅटखाली कोण पाहणार?

रनिंग बोर्डच्या भिंतीला तळपत्रा जिथे चढतो, तिथे पत्र्यात सात मिलिमीटरची भोके पाडून ती टाक्याने भरली. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगची जागा या भरलेल्या भोकांनी घ्यायची असते. एकमेकांवर येणाऱ्या कडांना आधी जस्तयुक्त प्रायमर लावला. तळाचे इतर सांधे मात्र कडेला कड भिडवून, मधे जेमतेम मिलिमीटरभर फट ठेवून, मागे तांब्याचा ठोकळा धरून जोडले, कारण चढते सांधे म्हणजे पाणी धरणारी नवी फट. टाका बोटाच्या पेराएवढा, मग तिथून दूर दुसरा, पहिला हाताला सोसेल इतका थंड झाल्यावर त्याच्या शेजारी तिसरा. एक सांधा सलग ओढला असता तर दहा मिनिटांत झाला असता; आम्हाला त्याला अर्धा दिवस लागला. बेल्टच्या बोल्टसाठी खालून तीन मिलिमीटरची, तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली पट्टी चहूबाजूंनी जोडली. चासी नंबर कोरलेल्या भागाच्या जवळपासही ग्राइंडर नेला नाही. तिथे पत्रा नवा दिसला तर आरटीओत जे प्रश्न उभे राहतात, त्यांना पत्राकामाने उत्तर देता येत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, त्यावर रंग, आणि खालून रबरी अंडरकोट. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त असतो, पण तो ओलावा शोषतो, म्हणून इथे टाळला. रनिंग बोर्डच्या पोकळीत रंग पोहोचत नाही; तिथे सगळे टाके झाल्यावर, पाणी निघण्याच्या भोकांतून लांब नळीने पातळ मेण फवारले. ती भोके अंडरकोटने बुजू नयेत म्हणून आधी त्यांत काड्या खोचल्या होत्या, आणि त्या नंतर मोजून काढल्या. काचेची बिडिंग नवी घातली. ती काढल्यावर काचेच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातही गंज दिसला, पण तो वरवरचा होता. घासून, फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, धुऊन, सुकवून त्यावर प्रायमर दिला. पाण्याची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा खडूची पूड कोरडी राहिली.

उजव्या बाजूच्या नाण्याएवढ्या भोकाचा निर्णय अवघड होता. नियमाने पाहिले तर संशयित वीतभर भाग कापायला हवा होता. पण तिथे ब्रेक आणि क्लचच्या पेडलांचा आधार जवळ आहे, पत्र्याची जाडी मध्यभाग सोडता बरी होती, आणि सरांचे ठरवलेले पैसे संपत आले होते. आम्ही भोकाभोवतीचा तळहातापेक्षा लहान तुकडा बदलला, उरलेल्या भागाला गंजरोधक प्रायमर दिला आणि सरांना तसे स्पष्ट लिहून दिले. मला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही.

गाडी सव्वीस दिवसांनी परत गेली, या वेळी स्वतःच्या चाकांवर, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत तळाबद्दल कोणताही शेरा आला नाही. सरांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: नमदा पुन्हा घालायचा नाही, सुटी मॅट घालून ती पंधरा दिवसांनी उन्हात टाकायची, आणि जळके ऑइल फवारणे बंद करायचे, कारण ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवते, धूळ धरते आणि अंगणातल्या विहिरीपर्यंत झिरपते. त्यांनी यांपैकी दोन पाळल्या. तिसरीबद्दल ते म्हणाले की शेजारी अजून फवारतात आणि त्यांच्या गाड्या चालतात. उतार मात्र त्यांनी स्वतःहून काढून टाकला. गाडीच्या डाव्या चाकांखाली जांभ्याचे चिरे बसवून जागा सपाट केली.

पहिल्या पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी तिकडे गेलो असताना मॅट उचलून पाहिली. डावी बाजू कोरडी आणि रंग जसाच्या तसा होता. उजव्या बाजूला, आम्ही न कापलेल्या भागात, पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवलेल्या जागेच्या कडेला तांबूस रेघ दिसू लागली होती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. वाजवून पाहिले तर आवाज अजून खणखणीत होता. वर्तुळ तसेच ठेवून शेजारी तारीख लिहिली.